केनिलवर्थ की रिव्हरसाइड? शिकागोलगतच्या दोन आखीव ‘व्हिलेज’चा तुलनात्मक आढावा

शिकागो परिसरात स्थिरावणारी अनेक मराठी कुटुंबे घर घेण्याची वेळ आली की नेपरव्हिल, ऑरोरा किंवा शॉमबर्गकडे वळतात. त्यामागची कारणे सबळ आहेत: ओळखीची माणसे, देवळे, भारतीय किराणा आणि तुलनेने नवी घरे. हा आढावा मात्र ज्यांना शहराच्या जवळ, जुन्या झाडांच्या सावलीत, रेल्वे स्थानकापर्यंत पायी जाता येईल अशा लहान आणि सुखवस्तू वस्तीत राहायचे आहे, आणि त्यासाठी अधिक पैसे मोजण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी आहे. शहराच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले केनिलवर्थ आणि पश्चिमेला डेस प्लेन्स नदीच्या वळणात वसलेले रिव्हरसाइड यांची निवड मी तुलनेसाठी केली, कारण या दोन्ही वस्त्या आधी कागदावर जन्मल्या आणि मग जमिनीवर उतरल्या. कोणीतरी जमीन विकत घेतली, नकाशा काढला, अटी ठरवल्या आणि भूखंड विकले. त्या नकाशाचे आणि त्या अटींचे परिणाम आज घर घेणाऱ्याच्या अंगणापर्यंत, मुलांच्या शाळेपर्यंत आणि कराच्या बिलापर्यंत पोहोचलेले आहेत, म्हणून येथे इतिहास आधी मांडला आहे आणि व्यवहार नंतर.

‘व्हिलेज’ या शब्दाचा खुलासा आरंभीच केलेला बरा. इलिनॉय राज्यात ‘व्हिलेज’ म्हणजे खेडे नव्हे. शहर, व्हिलेज अशा ज्या स्थानिक स्वराज्य संस्था तेथील कायद्याने मान्य केल्या आहेत, त्यांपैकी तो एक प्रकार आहे. आपल्या नगरपंचायतीच्या जवळ जाणारी ही व्यवस्था असून एक अध्यक्ष आणि सहा विश्वस्त निवडून येतात आणि तेच कारभार पाहतात. रस्ते, पाणी, पोलीस, बांधकामाचे नियम हे त्यांच्या हाती असते. शाळा मात्र त्यांच्या हाती नसतात. शाळांचे जिल्हे स्वतंत्र असतात, त्यांचे मंडळ वेगळे निवडले जाते आणि त्यांचा कर वेगळा आकारला जातो. शाळेच्या हद्दी आणि व्हिलेजच्या हद्दी सारख्या नसतात, ही गोष्ट घर शोधताना फार उपयोगी पडते, आणि तिच्याकडे पुढे परत यावे लागेल.

रिव्हरसाइड: १६०० एकर आणि एक नकाशा

१८६८ साली एमरी चाइल्ड्स यांच्या पुढाकाराने रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी उभी राहिली. शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या रेल्वेचा मार्ग नुकताच डेस प्लेन्स नदी ओलांडून पश्चिमेकडे गेला होता आणि नदीकाठच्या सुमारे १६०० एकर जमिनीवर शहराबाहेरची वसाहत करण्याची कंपनीची कल्पना होती. आराखड्यासाठी तिने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांना बोलावले. ओल्मस्टेडने जागा पाहून जो अहवाल दिला, त्यातला विचार आजही तेथे चालताना समजतो. शहरातले रस्ते सरळ आणि काटकोनात असतात, कारण शहरात माणूस घाईत असतो. राहण्याच्या जागी रस्ते वळणदार असावेत, म्हणजे माणसाची चाल आणि मन दोन्ही सैल होतील, अशी त्याची धारणा होती. म्हणून रिव्हरसाइडचे रस्ते नदीच्या वळणांशी नाते सांगत फिरतात. दोन रस्ते मिळतात तेथे काटकोनी चौक न होता तिकोनी हिरवा तुकडा उरतो, आणि असे तुकडे गावभर पसरलेले आहेत. नवख्या माणसाची वाट येथे चुकते, हेही खरे. पहिल्या काही भेटींत मोबाइलवरचा नकाशा हातात ठेवावाच लागतो.

वळणदार रस्त्यांपेक्षाही मला मोलाची वाटते ती सामाईक जमीन. कंपनीच्या योजनेत १६०० पैकी सुमारे ७०० एकर जागा रस्ते, पायवाटा, रस्त्यांच्या हिरव्या कडा, मैदाने आणि उद्याने यांसाठी राखलेली होती. नदीचा काठ खासगी बंगल्यांच्या मागच्या अंगणात जाऊ न देता बराचसा सर्वांसाठी मोकळा ठेवण्यात आला. ‘लाँग कॉमन’ नावाची लांबट हिरवळ वस्तीच्या मधोमध सोडली. या ‘कॉमन’ला आपल्याकडचा जवळचा शब्द गायरान हाच आहे: कोणा एकाची नसलेली आणि म्हणून सगळ्यांची असलेली जमीन. खासगी भूखंडांवरही अटी होत्या. घर रस्त्यापासून किमान ३० फूट मागे हवे, कुंपण नको, आणि घरावर किमान ३००० डॉलर खर्च झालेला हवा. यातली शेवटची अट सरळसरळ गरिबाला दूर ठेवणारी होती आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पहिल्या दोन अटींनी मात्र समोरच्या अंगणांची एक अखंड हिरवी पट्टी तयार झाली, आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ती आपलीच वाटते.

ही योजना व्यवहारात फसली. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांना मोबदल्यापोटी रोख रकमेऐवजी भूखंड मिळू लागले, वाद झाले आणि १८७० साली ते बाहेर पडले. पुढचे काम विल्यम ल बॅरन जेनी या वास्तुविशारदाने पाहिले. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींचा आद्य रचनाकार म्हणून पुढे ज्याचे नाव झाले, तोच हा जेनी. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळाले, भांडवल शहराच्या पुनर्बांधणीकडे वळले आणि १८७३ च्या आर्थिक अरिष्टात कंपनी बुडाली. १८७५ साली व्हिलेजची रीतसर स्थापना झाली, तेव्हा घरे मोजकीच होती, पण रस्ते, झाडे आणि मोकळ्या जागा नकाशाप्रमाणे पडलेल्या होत्या. रहिवाशांनी तो नकाशा टाकून दिला नाही, हे रिव्हरसाइडचे सगळ्यात मोठे पुण्य मानायला हवे. रिकाम्या हिरव्या जमिनीचे तुकडे पाडून विकण्याचा मोह कोणत्याही कर्जबाजारी वस्तीला होऊ शकला असता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भूखंड हळूहळू भरत गेले, त्यामुळे तेथे १८७० च्या दशकातली लाकडी घरे, फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुविशारदाचे कूनली हाउस आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली आटोपशीर विटांची घरे एकाच रस्त्यावर दिसतात. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे एकाच गावात लहान घरही मिळते आणि मोठेही. १९७० साली या नगररचनेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तुस्थळाचा दर्जा मिळाला. जेनीने बांधलेला पाण्याचा मनोरा स्थानकाजवळ उभा आहे आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे आजही जळतात.

केनिलवर्थ: एका माणसाची वसाहत आणि तिचे कूस

केनिलवर्थचा जन्म वीस वर्षांनंतरचा. चरबी आणि साबणाच्या धंद्यातल्या एन. के. फेअरबँक कंपनीत मोठ्या पदावर असलेल्या जोसेफ सिअर्स यांनी १८८९ साली विनेटका आणि विल्मेट या दोन वस्त्यांच्या मधली सुमारे २२४ एकर जमीन १,५०,३०० डॉलरला विकत घेतली. (टपालाने माल विकणाऱ्या प्रसिद्ध सिअर्स कंपनीशी त्यांचा संबंध नव्हता.) जमिनीच्या पूर्वेला सरोवर होते आणि पश्चिमेला रेल्वेमार्ग. इंग्लंडमधल्या किल्ल्याच्या गावावरून नाव घेतले, रस्त्यांनाही वॉरिक, कम्नर, ॲबट्सफर्ड अशी ब्रिटिश नावे दिली. फ्रँकलिन बर्नहॅम या वास्तुविशारदाकडून स्थानक आणि चर्च बांधून घेतले. रस्ते सरळच आखले, पण घरातल्या खोल्यांना दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या वेळी ऊन मिळावे, याचा विचार त्यांच्या दिशेत केला. १८९६ साली व्हिलेजची स्थापना झाली. पुढे रेल्वेच्या पश्चिमेकडची जागा जोडली जाऊनही त्याचे क्षेत्रफळ आज जेमतेम ०.६ चौरस मैल आहे.

सिअर्स यांच्या चार अटी सांगितल्या जातात: मोठे भूखंड, उच्च प्रतीचे बांधकाम, मागच्या गल्ल्या नकोत, आणि विक्री केवळ गोऱ्यांना. पहिल्या तीन अटींनी केनिलवर्थचे देखणेपण घडवले. चौथीने त्याची वस्ती घडवली. मराठी वाचकाला ‘गावकुसाबाहेर’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येथे ते कूस दगडमातीचे नव्हते, खरेदीखताच्या कागदावर होते. ज्यूंनाही या वस्तीत दीर्घकाळ शिरकाव नव्हता. अशा वांशिक अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला आणि १९६८ च्या संघीय कायद्याने घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवला. केनिलवर्थमध्ये पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले तेव्हा १९६० च्या दशकाचा मध्य उजाडला होता. त्याच सुमारास, २५ जुलै १९६५ रोजी, शेजारच्या विनेटकाच्या हिरवळीवर मार्टिन ल्यूथर किंग यांनी हजारोंच्या सभेपुढे याच प्रश्नावर भाषण केले होते. म्हणजे सरोवरकाठच्या या पट्ट्याला आपल्या कुसाची जाणीव करून देणारे लोक त्या पट्ट्यातच होते, आणि त्यांची आठवण ठेवणे हेही इतिहासाशी प्रामाणिक राहणेच आहे.

भारतीय कुटुंबाने हे वाचून केनिलवर्थ नाकारावे, असे मी म्हणत नाही. आज तेथे कायद्याने कोणालाही घर घेता येते आणि घेतलेलेही आहे. पण तेथील लोकसंख्येची आजची घडण त्या अटींपासून तोडून पाहता येत नाही. जनगणनेनुसार २००० साली तेथे २,४९४ माणसे होती, २०१० साली २,५१३ आणि २०२० साली २,५१४. वीस वर्षांत वीस माणसांची वाढ. घरांची संख्या आठशेच्या आसपास स्थिर आहे, नवे भूखंड नाहीत, लहान घरे आणि भाड्याची घरे अगदी थोडी. वस्ती प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांचीच राहिली आहे. कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न, जनगणना विभाग ज्या २,५०,००० डॉलरच्या पुढे नेमका आकडाच छापत नाही, त्या मर्यादेच्याही वर आहे. रिव्हरसाइडची लोकसंख्या २०१० ते २०२० या काळात ८,८७५ वरून ९,२९८ झाली. तेथे विसाव्या शतकात सिसरो आणि बर्विन या कामगार वस्त्यांतून वर आलेली चेक कुटुंबे स्थिरावली आणि अलीकडच्या दशकांत त्याच वाटेने लॅटिनो कुटुंबे आली. रिव्हरसाइडही सुखवस्तूंचेच गाव आहे आणि तेही दीर्घकाळ गोऱ्यांचेच होते. फरक एवढाच, पण महत्त्वाचा, की त्याच्या वेशीवरची दारे लहान घरांच्या रूपाने थोडी उघडी राहिली.

वास्तू: एकीकडे नकाशा जपला, दुसरीकडे घरे

घरांच्या सौंदर्यात केनिलवर्थ रिव्हरसाइडहून उणे नाही. घराघराने तुलना केली तर वरचढच ठरेल. राइटच्या पिढीतला जॉर्ज मेहर हा वास्तुविशारद याच गावात राहत असे आणि त्याने येथे सुमारे चाळीस घरे रचली. १९०७ सालची केनिलवर्थ क्लबची इमारत त्याचीच. राइटचे हायरम बाल्डविन हाउस येथे आहे आणि निसर्गरचनाकार येन्स येन्सन याच्या हाताचे महोनी पार्कही. पण येथे मोल होते ते एकेका घराचे, आणि ते घर मालकाच्या मर्जीवर उभे होते. जमिनीची किंमत घराच्या किमतीपेक्षा वरचढ होऊ लागली, तशी चांगली जुनी घरे पाडून त्यांच्या जागी अधिक मोठी घरे बांधण्याची लाट आली. २००६ साली ऐतिहासिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने देशातल्या अकरा सर्वाधिक धोक्यातल्या स्थळांच्या यादीत केनिलवर्थचे नाव घातले, ते याच कारणाने.

रिव्हरसाइडनेही घरे गमावली आहेत. लुई सलिव्हन या वास्तुविशारदाचे बॅबसन हाउस १९६० साली पाडले गेले. राष्ट्रीय दर्जा मिळाला म्हणून खासगी मालकाला आपले घर पाडता येत नाही, असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. असे संरक्षण स्थानिक नियमांतून मिळते, म्हणून जुने घर घेण्याआधी त्या घराची स्थानिक नोंद आहे का आणि असल्यास बाहेरच्या बदलांना कोणाची परवानगी लागते, हे व्हिलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावे. तरीही दोन्हींत एक मूलभूत अंतर आहे. घर पाडता येते, पण वळणदार रस्ता आणि नदीकाठचे गायरान कोणा एकाला पाडता येत नाही. रिव्हरसाइडचे सौंदर्य सार्वजनिक मालकीच्या जागेत साठवलेले आहे, आणि म्हणून ते तेथे चाळीस वर्षे राहणार असलेल्या माणसासाठी अधिक भरवशाचे आहे.

शाळा

केनिलवर्थकडे ओढा असलेल्या बहुतेक भारतीय पालकांच्या मनात खरे नाव असते ते न्यू ट्रायर हायस्कूलचे. १९०१ साली सुरू झालेली ही सार्वजनिक शाळा देशातल्या नामांकित शाळांत गणली जाते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नॉर्थफील्डच्या आवारात आणि पुढचे विनेटकाच्या आवारात शिकतात. येथे शाळेच्या हद्दीचा मुद्दा पुन्हा लक्षात घ्यावा. न्यू ट्रायरच्या जिल्ह्यात केनिलवर्थबरोबर विल्मेट, विनेटका, ग्लेन्को आणि नॉर्थफील्डही येतात. केवळ या शाळेसाठी केनिलवर्थची किंमत मोजणे म्हणजे दुधासाठी गोठाच विकत घेण्यासारखे आहे. विल्मेटमध्ये तीच शाळा बरीच लहान घरे आणि काही फ्लॅट यांच्या पत्त्यावर मिळते. केनिलवर्थचे स्वतःचे वैशिष्ट्य आहे ते त्याआधीच्या टप्प्यावर. बालवर्गापासून आठवीपर्यंत अख्ख्या गावाची एकच शाळा, जोसेफ सिअर्स स्कूल, आणि तिच्यासाठीच असलेला ३८ क्रमांकाचा जिल्हा. प्रत्येक मूल प्रत्येक मुलाला ओळखते. लाजाळू मुलाला ही ऊब मानवू शकते. पण एकदा मैत्री बिनसली तर दुसरी तुकडी, दुसरी शाळा असा पर्याय नसतो, आणि आपल्यासारखे दिसणारे दुसरे मूल वर्गात नसण्याची शक्यता बरीच असते. ज्या पालकांनी मुलांना मराठी बोलते ठेवण्याचा निश्चय केला आहे, त्यांनी या शेवटच्या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

रिव्हरसाइडचा ९६ क्रमांकाचा जिल्हा अनेक प्राथमिक शाळा आणि हाउझर ज्युनिअर हाय मिळून चालतो. पुढचे शिक्षण रिव्हरसाइड-ब्रुकफील्ड हायस्कूलमध्ये, ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयाच्या अगदी शेजारी. शाळा चांगली आहे, आकाराने न्यू ट्रायरच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि तिच्यातले विद्यार्थी उत्पन्नाच्या अधिक निरनिराळ्या थरांतून येतात. दुर्मीळ विषय, मोठमोठी वाद्यवृंद-पथके, खेळांचे असंख्य संघ या बाबतींत न्यू ट्रायरचे पारडे जड आहे, हे मान्य करावेच लागेल.

पैसा, कर आणि पाणी

किमतीची तुलना थोडक्यात करता येते. केनिलवर्थमध्ये साधारण घरही दहा लाख डॉलरच्या बरेच वर जाते आणि सरोवराला लागून असलेली घरे त्याच्या कित्येक पट. रिव्हरसाइडमध्ये चांगले कौटुंबिक घर त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते.

दोन्ही गावे कुक काउंटीत असल्याने कराची पद्धत एकच आहे. निवासी घराच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम कराच्या आकारणीसाठी धरली जाते, बिल दोन हप्त्यांत येते आणि ते मागच्या वर्षाचे असते. घर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या काळातल्या कराची वजावट व्यवहारातच करून घ्यायची असते, ती यामुळे. दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन होते: केनिलवर्थ ज्या न्यू ट्रायर टाउनशिपमध्ये (टाउनशिप म्हणजे काउंटीचा एक विभाग) आहे तेथे ते २०२५ साली ठरलेले, रिव्हरसाइड टाउनशिपमध्ये २०२६ साली. या दोन्ही गावांत दुकाने आणि कचेऱ्या फार थोड्या असल्याने शाळांचा जवळजवळ सगळा भार घरमालकांवरच पडतो. दलालाने सांगितलेल्या आकड्यावर न विसंबता त्याच घराची मागच्या तीन वर्षांची बिले काउंटीच्या संकेतस्थळावर पाहावीत. जुन्या मालकाला ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळत असली तर नव्या मालकाचे बिल अचानक वाढते, आणि आपण स्वतः राहत असलेल्या घराची सवलत मिळाली आहे की नाही, हेही तपासून घ्यावे लागते.

रिव्हरसाइडची एक उणीव मात्र स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे, आणि ती पाण्याची. ज्या नदीने या गावाला रूप दिले, तीच नदी अधूनमधून त्यात शिरते. १८ एप्रिल २०१३ च्या सुमारास डेस प्लेन्सला मोठा पूर आला आणि ग्रोव्हलँड ॲव्हेन्यूच्या भागातल्या घरांना त्याची झळ बसली. त्याआधीच्या वर्षी नदीतला जुना हॉफमन बंधारा काढून टाकण्यात आला होता. त्यामुळे मासे आणि नदीचे आरोग्य सुधारले, पण सखल भागाचा पुराचा प्रश्न त्याने मिटत नव्हता. संघीय पूरनकाशात आपला भूखंड कोठे आहे, हे करार करण्याआधी पाहावे. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते, आणि विशेष पूरक्षेत्रात घर असेल तर संघीय हमीच्या कर्जासाठी स्वतंत्र पूरविमा सक्तीचा असतो. रिव्हरसाइडचा मोठा भाग उंचावर आणि सुरक्षित आहे. दोन घरांच्या किमतीत कारण नसताना मोठा फरक दिसला तर आधी उताराकडे पाहावे. केनिलवर्थमध्ये असा धोका मुख्यतः काठावरच्या मोजक्या घरांना, सरोवराची पातळी चढली की होणाऱ्या धुपीचा आहे. तळघरात पावसाचे पाणी येते का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारावाच.

रोजचे जगणे

केनिलवर्थचे स्थानक युनियन पॅसिफिक नॉर्थ मार्गावर, शहरातल्या ओगिल्व्ही स्थानकापासून सुमारे १५ मैलांवर आहे. रिव्हरसाइडचे स्थानक बीएनएसएफ मार्गावर, युनियन स्टेशनपासून सुमारे ११ मैलांवर. शहरातली ही दोन्ही स्थानके एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर असल्याने नोकरीच्या सोयीत फारसा फरक पडत नाही. मात्र बीएनएसएफ हा मालगाड्यांचाही मोठा मार्ग आहे, रिव्हरसाइडच्या मधोमध फाटके आहेत आणि ती पडली की गाव काही मिनिटांपुरते दोन भागांत विभागले जाते. ज्यांची झोप हलकी आहे, त्यांनी रुळांपासून दूरचे घर पाहावे.

रिव्हरसाइडमध्ये स्थानकाभोवती लहानशी बाजारपेठ आहे आणि नदीकाठी गावाचे स्वतःचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. केनिलवर्थमध्ये ग्रीन बे रोडवरची थोडी दुकाने सोडली तर बाजारपेठ अशी नाहीच. ग्रंथालयासाठी विल्मेटवर आणि अग्निशमनासाठी विनेटकावर हे गाव करारांनी अवलंबून आहे. त्याच्या बदल्यात मिळतो तो सरोवराचा काठ, गावाची स्वतःची पुळण, आणि जुन्या विजेच्या गाडीच्या रुळांच्या जागी झालेली ग्रीन बे ट्रेल ही मैलोन्‌मैल जाणारी सायकलवाट. जुलैच्या सकाळी त्या काठावर उभे राहिले की या गावाची किंमत कशात आहे, ते कळते, आणि ते मी कमी लेखत नाही. दक्षिणेला थोड्या अंतरावर विल्मेटचे बहाई मंदिर आहे. १९५३ साली लोकार्पण झालेल्या त्या पांढऱ्या घुमटाखाली सर्वांना मुक्त प्रवेश असतो.

मराठी घराच्या गरजा या हिशेबात धरायच्या तर केनिलवर्थहून डेव्हन ॲव्हेन्यू जवळ पडते. पटेल बंधूंनी १९७४ साली पहिले किराणा दुकान थाटले, तो हाच रस्ता. मात्र लेमाँटचे हिंदू मंदिर, ऑरोराचे बालाजी मंदिर आणि बहुतेक मराठी स्नेहीमंडळी यांच्यासाठी केनिलवर्थहून शहराला वळसा घालून पश्चिमेला जावे लागते. रिव्हरसाइडहून लेमाँट सोयीचे आहे आणि ज्या रेल्वेने तुम्ही कामावर जाता, तीच उलट दिशेला नेपरव्हिल आणि ऑरोराला जाते. गणपतीच्या आरतीला, बालवाचनाच्या वर्गाला, कोणाच्या आजारपणात डबा पोहोचवायला जाण्याचे अंतर वर्षभरात किती वेळा कापावे लागते, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या घराच्या सवयीवरून बांधावा. आजी-आजोबा सहा महिने राहायला येणार असतील तर हा मुद्दा अधिक वजनाचा होतो. गाडी न चालवणाऱ्या माणसाला रिव्हरसाइडमध्ये पायी ग्रंथालय, नदी, बाक आणि चार माणसांचा वावर मिळतो. केनिलवर्थमध्ये फिरायला सुंदर रस्ते मिळतात, पण रस्त्यावर माणसे थोडी.

कोणी काय निवडावे

ज्यांना सरोवराची ओढ आहे, ज्यांचे काम शिकागोच्या उत्तरेकडे आहे, ज्यांना मुलांसाठी आठवीपर्यंत एका शाळेची घट्ट चौकट हवी आहे आणि ज्यांच्या बाबतीत किंमत हा निर्णायक घटक नाही, त्यांनी केनिलवर्थ घ्यावे. ते गाव आपल्या अटींवर फार उत्तम चालवलेले आहे. ज्यांना केवळ न्यू ट्रायर हवे आहे, त्यांनी विल्मेट पाहावे. उरलेल्यांना, म्हणजे दोन पगारांवर कर्ज काढून घर घेणाऱ्या आणि गावाच्या सामाईक जागेत आपलाही वाटा असावा असे वाटणाऱ्या कुटुंबांना, मी रिव्हरसाइडच सुचवेन, आणि तेही उंचावरच्या भागातले, रुळांपासून थोडे हटून असलेले. ओल्मस्टेडच्या नकाशात नवागताला जी जागा सहज मिळते, ती सिअर्स यांच्या गावात अजून प्रत्येकाला स्वतः तयार करावी लागते.

निर्णयाआधी दोन्हीकडे एकेक कामाचा दिवस घालवावा. संध्याकाळी सहाच्या सुमाराची शहराकडून येणारी गाडी पकडून उतरावे आणि स्थानकापासून पाहिलेल्या घरापर्यंत पायी जावे. केनिलवर्थमध्ये तेथून पुढे पुळणीपर्यंत, रिव्हरसाइडमध्ये नदीकाठच्या स्वॉन पाँडपर्यंत. घर पक्के होत आले की वकिलाकडून जुन्या खरेदीखतांची साखळी मागवून वाचावी. तीत वांशिक बंदीची जुनी अट आढळली, तर ती आज निरर्थक असली तरी तशीच राहू देण्याचे बंधन नाही. २०२२ पासून लागू झालेल्या इलिनॉयच्या कायद्याने घरमालकाला ती आपल्या नोंदीतून काढून टाकण्याचा मार्ग दिला आहे, आणि घराच्या कागदांवर सही करतानाच हा अर्जही वकिलाकडून तयार करून घ्यावा.